आत्महत्या रोखण्यासाठी राज्य सरकारने काय केलं, काय राहिलं

प्रश्न : महाराष्ट्र सरकारने आत्महत्यांचा खरोखर अभ्यास कधी केला आहे का? समित्या, पॅकेजेस, कर्जमाफ्या होऊनही आकडा का हलत नाही? आणि राज्य सरकारच्या हातात नेमकं काय आहे?

उत्तर :

अभ्यास झाला आहे, आणि तुम्हाला वाटत असेल त्यापेक्षा बराच जास्त. माझी बहुतेक नोकरी पश्चिम विदर्भात सरकारी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून गेली, त्यामुळे यातले काही अहवाल मी वाचले आणि काहींची अंमलबजावणी जवळून पाहिली. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या राज्याने आत्महत्या मोजल्या, तपासल्या, कारणंही शोधली. पण हा सगळा खटाटोप मुख्यतः मदत द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी उभा राहिला. गेलेल्या माणसाची फाईल पूर्ण करायला आपल्याकडे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत साखळी आहे. जो अजून जिवंत आहे आणि अडचणीत आहे, त्याच्या दारात दुसऱ्यांदा जायला मात्र कुणी नेमलेला नाही. आकडा न हलण्याची इतर कारणं आहेतच, पण सरकारच्या हातातलं कारण हे आहे.

ही फाईल कशी चालते ते आधी बघा, म्हणजे पुढचं कळेल. गावात घटना घडली की पोलीस पाटील ठाण्याला कळवतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. मृत व्यक्ती शेतकरी असेल तर महसूल खात्याचा समांतर तपास सुरू होतो. तलाठी सातबारा काढतो, सोसायटी आणि बँकेकडून थकबाकीचा दाखला येतो, तहसीलदार अहवाल करतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं. समिती ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरलं तर वारसांना एक लाख रुपये मिळतात : तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. २००६ पासून ही रक्कम तीच आहे. या काळात कापसाच्या बियाण्याच्या पाकिटापासून मुलांच्या कॉलेजच्या फीपर्यंत काय काय वाढलं, ते तुम्हीच मोजा.

पात्रतेची अट साधारण अशी : कागदावर जमीन हवी, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि ते नापिकीमुळे थकलेलं हवं. आता आमच्याकडची शेती डोळ्यांपुढे आणा. वडील हयात, सातबारा त्यांच्या नावावर, शेती करणारा मुलगा. किंवा दुसऱ्याची जमीन मक्त्याने, बटईने कसणारा माणूस. त्याचं देणं कुणाचं? कृषी केंद्राची हंगामाची उधारी, बिनपरवाना सावकार, मेव्हण्याकडून उसने घेतलेले पैसे, बायकोच्या नावावर उचललेलं गटाचं कर्ज. यातलं जवळजवळ काहीच कागदावर दिसत नाही. ज्याला व्यवहारात पत सर्वांत कमी, त्याचंच प्रकरण अपात्र ठरायची शक्यता सर्वांत जास्त. आणि शेत राबणारी बाई गेली तर तिच्या नावावर सातबारा बहुधा नसतो, म्हणून ती या हिशेबात शेतकरी म्हणून मोजली जाणं अवघड.

मदत द्यायलाच हवी, आणि लवकर हवी. ‘मदत मिळते म्हणून लोक असं करतात’ हे वाक्य मी तालुक्याच्या बैठकांत अनेकदा ऐकलं आहे. ते चुकीचं आहे आणि त्यात माणुसकीही नाही. तीस हजार रोख घेण्यासाठी कुणी घर उघड्यावर टाकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या तपासाचा शेवट पैसे देणं किंवा नाकारणं इथे होतो, त्यात घरचे लोक आणि अधिकारी दोघेही मोजूनमापून बोलतात. घरचे दारूबद्दल, आजाराबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल सांगत नाहीत, कारण सांगितलं की प्रकरण अपात्र होण्याची भीती. अधिकारी ‘घरगुती कारण’ शोधतो, कारण ते सापडलं की फाईल बंद. मृत्यूच्या आधीच्या सहा महिन्यांत त्या माणसाला कुठे कुठे थांबवता आलं असतं, हा प्रश्न या तपासात कुणी विचारतच नाही.

आकड्यांचंही असंच आहे. विभागीय आयुक्त कार्यालयांची शेतकरी आत्महत्यांची यादी एक, आणि पोलिसांच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काढतो तो आकडा दुसरा. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या. गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर आपण पहिले नाही. लाखामागे आपला दर १८.१, देशाचा १२.४, सिक्कीमचा ४३.१, म्हणून ‘महाराष्ट्र पहिला’ ही बातमी अर्धीच खरी. पण दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या २२,७४६ पैकी शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ होते. म्हणजे देशातल्या शेती क्षेत्रातल्या आत्महत्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपल्याकडे, आणि तरीही राज्यातल्या दर पाच आत्महत्यांपैकी चार शेतीबाहेरच्या. रोजंदारीवरचे कामगार, गृहिणी, विद्यार्थी, शहरातला कर्जबाजारी दुकानदार. यांच्यासाठी राज्याने काढलेली समिती मला तरी आठवत नाही. शेतकऱ्यांचा अभ्यास झाला, कारण त्यांच्यासाठी मोर्चे निघाले, अधिवेशनं गाजली, न्यायालयात याचिका झाल्या. गृहिणींसाठी कोण मोर्चा काढणार?

आता अभ्यासांकडे येतो. महत्त्वाचा काळ २००५-०६. मुंबई उच्च न्यायालयापुढच्या प्रकरणात टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. मग राज्य सरकारच्या सांगण्यावरून इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांनी अभ्यास केला, तो २००६ च्या जानेवारीत आला. हा अभ्यास मी नव्या डॉक्टरांना आजही वाचायला सांगतो, कारण त्यात एक साधी पण फार मोलाची गोष्ट केली आहे. वर्धा, वाशीम आणि यवतमाळमधल्या १११ आत्महत्याग्रस्त कुटुंबांशी त्यांनी त्याच भागातल्या, तशाच परिस्थितीतल्या पण आत्महत्या न झालेल्या कुटुंबांची तुलना केली. तुलना केल्याशिवाय काही कळत नाही. विदर्भातला जवळजवळ प्रत्येक कोरडवाहू शेतकरी कर्जात आहे. मग कर्ज हे कारण म्हणायचं, तर बाकीचे कसे तगले?

मिश्रांच्या नोंदीत ८७ टक्के घरांत कर्ज होतं, ७४ टक्के घरांत आर्थिक घसरण होती. पण यादी तिथे संपत नाही. ५५ टक्के घरांत घरातल्या माणसांशी तंटा, ४१ टक्क्यांत पीक बुडालेलं, ३४ टक्क्यांत मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचं ओझं, २८ टक्क्यांत व्यसन, २६ टक्क्यांत त्या माणसाच्या वागण्यात बदल झाल्याचं घरच्यांच्या लक्षात आलेलं. आणि ३२ टक्के प्रकरणांत जवळच्या गावात आधी आत्महत्या झालेली. बेरीज शंभराच्या कितीतरी वर जाते, कारण एकाच घरात चारपाच गोष्टी एकदम असतात. सरकारी नमुन्यात मात्र कारणाला एकच रकाना.

या आकड्यांतले शेवटचे दोन मला नेहमी अस्वस्थ करतात. चारपैकी एका घराला बदल दिसला होता. माणूस गप्प झाला, जेवण तुटलं, रात्र रात्र अंगणात बसू लागला. घरच्यांनी ते पाहिलं, पण सांगायचं कुणाला? आणि शेजारच्या गावातल्या घटनेनंतर आजूबाजूची गावं जास्त जोखमीची असू शकतात हे २००६ सालीच सरकारच्या टेबलावर होतं. तहसीलदार घटनेनंतर त्या घरी जातो. आरोग्य खात्याचं पथक त्या पंचक्रोशीत पुढचा महिनाभर फिरेल, अशी नेमकी जबाबदारी कुणावर टाकलेली मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

कर्नाटकात याच्या आधी, २००२ मध्ये, कृषी विद्यापीठाचे माजी कुलगुरू जी. के. वीरेश यांच्या समितीचा अहवाल आला होता. तिने दारू, घरगुती कलह यांवर बोट ठेवलं आणि शेतीच्या अर्थकारणाला झुकतं माप दिलं नाही म्हणून तिच्यावर भरपूर टीका झाली. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो सगळं शेतमालाच्या भावाचं आणि कर्जाचं आहे, मानसिक आरोग्याची भाषा म्हणजे सरकारची पळवाट. दुसरा म्हणतो माणूसच खचलेला होता. डॉक्टर म्हणून मला हे भांडण निरर्थक वाटतं. थकलेल्या कर्जाने झोप जाते, झोप गेली की चिडचिड वाढते, दारू वाढते, घरात तंटा होतो, मग मार्ग दिसेनासा होतो. कर्जाचं पुनर्गठन हाही त्यावरचा उपचार आणि नैराश्याची गोळी हाही उपचार. शेतकरी नेत्यांना गोळीचा राग येतो तो मी समजू शकतो, कारण सरकारने कधीकधी समुपदेशनाचं नाव पुढे करून भावाचा प्रश्न टाळला आहे. पण म्हणून आजारी माणसाला उपचार नाकारायचा का? (जाता जाता : वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वर्धाही आहे. निव्वळ बंदीच्या शासन निर्णयावर कुणी फार विसंबू नये.)

शेतकऱ्यांसाठीच्या पॅकेजेसबद्दल थोडक्यात. राज्याचं २००५ च्या डिसेंबरमधलं १,०७५ कोटींचं, पंतप्रधानांचं २००६ मधलं ३,७५० कोटींचं. दोन्हींचा आढावा नरेंद्र जाधव समितीने २००८ मध्ये घेतला. त्याच वर्षी केंद्राची कर्जमाफी आली. तिची पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. कोरडवाहू विदर्भात सात-आठ एकर असूनही माणूस गरीबच असतो; तो बाहेर राहिला. पुढे राज्याची २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी. यांनी बँकेची थकबाकी उतरली आणि नवं कर्ज मिळण्याची वाट काहींसाठी मोकळी झाली, हे खरं आहे. पण उधारी आणि खासगी देणं तसंच राहिलं. अमरावतीत शेती स्वावलंबन मिशन बसलं, २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबादमध्ये बळीराजा चेतना अभियान झालं. गावपातळीवर समित्या, हाताशी थोडा निधी, अशी त्याची कल्पना होती. कल्पना चांगली. चालवणारा अधिकारी जिथे मनापासून लागला तिथे ती चालली, त्याची बदली झाली की बॅनर राहिलं.

या सगळ्यापेक्षा मला दोन सर्वेक्षणांबद्दल जास्त सांगायचं आहे. २००६ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी विदर्भातल्या त्याच सहा जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. सुमारे साडेसतरा लाख शेतकरी कुटुंबं. कुणाकडे कर्ज, कुणाकडे लग्नाची मुलगी, कुणाच्या घरी मोठं आजारपण, सगळं नोंदवलं आणि कुटुंबांची वर्गवारीही केली. एवढं मोठं काम देशात क्वचितच झालं असेल. मग २०२३ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी सुमारे दहा लाख कुटुंबांची अशीच पाहणी केली. एक लाखाहून अधिक लोकांच्या मनात टोकाचे विचार येतात असं त्यात निघालं आणि पेरणीआधी एकरी दहा हजार रुपये थेट द्यावेत, अशी शिफारस झाली. शिफारशीवर चर्चा झाली, बातम्या आल्या.

माझा प्रश्न त्या एक लाख माणसांबद्दल आहे. एखाद्याने अनोळखी सरकारी माणसाला ‘होय, असे विचार येतात’ असं सांगितलं, तर त्याने आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगितली. वैद्यकात साधा नियम आहे : विचारलंत आणि ‘हो’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाला तसंच सोडून उठायचं नाही. त्याच आठवड्यात कुणीतरी परत जायचं, घरच्यांशी बोलायचं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध सुरू करायचं, तहसीलमधलं अडलेलं काम मार्गी लावायचं. सर्वेक्षण महसूल खात्याचं, उपचार आरोग्य खात्याचा, आणि मधली यादी कुणाच्या मालकीची नाही. माझ्या दृष्टीने राज्याची खरी उणीव इथे आहे. पैशाने ती आपोआप भरून निघणार नाही.

ती भरून निघू शकते याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. संशोधक राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्य ओळखणं, धीर देणं, साधं समुपदेशन, गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे पाठवणं आणि सरकारी योजनेशी गाठ घालून देणं असं काम केलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच कुठेतरी मदत घेत होते. नंतर ते प्रमाण २७.२ टक्के झालं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. यात काटेकोर तुलनात्मक गट नव्हता, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. पण मदत घेणारे सहापट झाले, ही गोष्ट लहान नाही. ‘गावातले लोक मानसिक आजाराबद्दल बोलतच नाहीत’ असं शहरात म्हणतात. बोलतात. ‘डोक्यात टेन्शन हाय, जीव लागत नाही’ असं म्हणतात. ऐकणारा ओळखीचा हवा आणि पुढच्या आठवड्यात तोच परत यायला हवा.

राज्याने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तो याच धर्तीवरचा. आशाताई घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारणार, गुण देणार, जोखीम दिसली तर पुढे पाठवणार, १०४ क्रमांकावर समुपदेशन. आखणी बरोबर. पण आशाताईच्या पिशवीत आधीच गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तदाब, सगळ्यांची रजिस्टरं असतात. प्रश्नावली भरणं हे तिचं ‘टार्गेट’ झालं की ती ओट्यावर बसून भरली जाते. आणि दुसरं : ती बाई आहे, आणि जोखमीत जास्त करून घरातला पुरुष. तो दुपारी शेतात, संध्याकाळी पारावर. त्याच्याशी तिने कधी आणि कसं बोलायचं? पोलीस पाटील, सोसायटीचा सचिव, कृषी केंद्रवाला, दूध संकलन करणारा यांनाही सोबत घ्यायला हवं, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो. कृषी केंद्रवाल्याला तर आधी कळतं, कारण उधारी थकली की माणूस त्याच्या दुकानासमोरून जाणं टाळतो.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. प्रयत्न करून वाचलेली माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने एका मृत्यूमागे वीसेक प्रयत्न असतात, आणि पुढच्या मृत्यूची सर्वांत मोठी जोखीम याच लोकांना. ही माणसं आपल्याच ग्रामीण रुग्णालयात येतात, जिल्हा रुग्णालयात चारपाच दिवस खाटेवर असतात. नाव, गाव, फोन सगळं आपल्याकडे असतं. मग प्रकृती सुधारली की सुट्टी. मानसोपचार विभागाकडे पाठवलं तर पाठवलं. नातेवाईक ‘चुकून झालं’ असं लिहून देतात, कारण पोलीस जबाब घ्यायला येतो आणि गुन्हा दाखल होईल ही भीती अजून गेलेली नाही. कायदा बदलला आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. नव्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलंच नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. ही गोष्ट ठाणे अंमलदाराला आणि वॉर्डातल्या सिस्टरला सांगायला एक परिपत्रक पुरे नाही, पण निदान ते तरी प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लावा.

या लोकांसाठी काय करायचं तेही माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ रुग्णांवर अभ्यास केला, तो २००८ मध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला तासाभराचं बोलणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षाने आत्महत्येने झालेले मृत्यू नेहमीच्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. नऊ फोन! त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, मशीन लागत नाही. प्रशिक्षित नर्स किंवा समाजसेवा अधीक्षक, एक रजिस्टर आणि फोनचं बिल लागतं. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला; वाशीम किंवा बीडच्या माणसाला ती दूर पडतात. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्ह्यात असतं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे रजिस्टर उघडलं तर मी बाकीच्या अर्ध्या मागण्या सोडून द्यायला तयार आहे.

कीटकनाशकांबद्दलही सांगायला हवं, कारण इथे सरकारचा हात सर्वांत लांब पोहोचतो. आत्महत्येचा आवेग बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात जीवघेणी वस्तू हाताशी नसेल तर बरीच माणसं वाचतात, आणि वाचलेली बहुतेक पुढे जगतात. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. शेतीचं उत्पन्न त्यामुळे कोसळलं नाही. त्याच देशात १८० गावांत घरोघर कीटकनाशकं ठेवायला कुलूपबंद पेट्या वाटूनही पाहिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की त्याने फरक पडला नाही. पेटी वाटताना फोटो चांगला येतो, हा तिचा एकच फायदा. बंदी कंपन्यांना टोचते, म्हणून ती अवघड.

आपल्याकडे २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्याने पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. एवढीच का? कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला तेवढाच अधिकार दिला आहे : साठ दिवस, चौकशी अपुरी असेल तर आणखी तीस. कायमची बंदी केंद्राच्या हातात. केंद्राने २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदी जाहीर केली, बारा लगेच आणि सहा २०२० च्या अखेरीपासून. तामिळनाडूने २०२३ मध्ये आत्महत्या रोखण्याचं कारण उघडपणे देऊन सहा उत्पादनं साठ दिवसांसाठी बंद केली. महाराष्ट्राला हे करता येतं. विषबाधेचे रुग्ण कोणत्या उत्पादनामुळे आले याची जिल्हावार माहिती गोळा करून ती केंद्राकडे लावून धरणं हेही राज्याचंच काम. ती माहिती आमच्या केसपेपरवर ‘अज्ञात विष’ म्हणून पडून असते.

महिला आणि विद्यार्थी यांच्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल, इथे दोनच गोष्टी. २०१६ च्या अंदाजानुसार जगातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतात होत्या. त्यांच्या बाबतीत घरगुती हिंसाचार, लहान वयातलं लग्न आणि स्वतःच्या हातात पैसा नसणं यांवर काम केल्याशिवाय कुठलीही हेल्पलाईन पुरणार नाही. आणि मागे राहिलेल्या बाईचं काय होतं तेही बघा. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली, त्यात ४० टक्के महिलांच्या नावावर नवऱ्याची जमीन झालेली नव्हती. त्यानंतर २०१९ मध्ये शासन निर्णय निघाला, वारसनोंद, पेन्शन, मुलांचं शिक्षण यांसाठी. तालुक्यात तो किती जणांनी वाचला आहे, विचारून पाहा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत राज्याने एक गोष्ट चांगली केली : दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैतच घेतली, म्हणजे वर्ष जात नाही. तामिळनाडूने हे आधीच केलं होतं. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी गेले, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. तेव्हा एवढ्यावर थांबून चालणार नाही, पण असा शांत, प्रशासकीय बदल शंभर व्याख्यानांपेक्षा उपयोगी असतो.

‘राज्याच्या हातात काय’ असं तुम्ही विचारलंत. कायद्याने बघितलं तर बरंच काही. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २९ सरकारला आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्याचे कार्यक्रम आखायला आणि राबवायला सांगतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं आहे, आणि तीन वर्षांत नोंदींची यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग असे टप्पेही दिले आहेत. आरोग्य राज्याचा विषय आहे, त्यामुळे हे टप्पे गाठणारही राज्यच.

तुम्ही अभ्यास करत असाल किंवा गावात काम करत असाल तर समितीच्या अहवालांमागे फार लागू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात चार प्रश्न टाका. गेल्या वर्षी विषबाधा किंवा स्वतःला इजा करून घेतल्याचे किती रुग्ण दाखल झाले? त्यातले किती मानसोपचार विभागाने तपासले? सुट्टीनंतर किती जणांना एकदा तरी फोन किंवा भेट झाली? प्रेरणा प्रकल्पात जोखमीचे म्हणून निघालेल्यांपैकी किती जणांचे उपचार सुरू झाले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळेल. तिसऱ्याला ‘निरंक’ आलं तर तेच घेऊन जिल्हा नियोजन समितीच्या सदस्याकडे जा. नऊ फोनांच्या रजिस्टरसाठी लागणारा खर्च जिल्ह्याच्या निधीतून निघण्याएवढा लहान आहे.

आणि हे वाचताना मनात स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं नाव आलं असेल, तर माहिती अधिकाराची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. माणूस गप्प झाला असेल तर त्याला सरळ विचारा, जीव नकोसा झालाय का म्हणून. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बहुतेक जण विचारल्यावर बोलू लागतात. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा आणि दुसऱ्या दिवशी सोबत जाऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा.